सिस्टरची रोजची गाडी

खरं सांगा, तुमची गाडी भर रस्त्यात बंद पडली तर तुम्ही आधी काय उघडता, बॉनेट की तोंड? वाशीच्या चौकात मी पाहिलेले बहुतेक गाडीवाले तोंड उघडतात. कंपनीला शिव्या देतात, सरकारला देतात, शेजारी बसलेल्या बायकोवर खेकसतात आणि मग कडेला उभे राहून मेकॅनिकची वाट बघतात. बॉनेट उघडणारं आणि आत काय आहे ते पुरतं ठाऊक असणारं माणूस माझ्या पाहण्यात एकच. ती बाई साठीची होती, पाचवारी नेसायची आणि इंजिनात डोकं घालण्याआधी पदर कमरेला खोचून चष्मा दोरीने मानेला अडकवायची.

त्या गायकवाड सिस्टर. मूळच्या महाडकडच्या. तिथल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांची वीसेक वर्षं बाळंतपणं करण्यात गेली. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, तेव्हा त्यांनी आपली मोटार सिस्टरना देऊन टाकली. शेवटची काही वर्षं ती चालवतही सिस्टरच होत्या आणि दुरुस्तही त्याच करत होत्या, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पुढे त्या नव्या मुंबईत नोकरीला आल्या, निवृत्त झाल्या आणि वाशीला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहू लागल्या. गाडी चोपन्न सालची, विलायती बनावटीची. बॉनेटवरची कंपनीची अक्षरं कधीच गळून पडली होती, म्हणून ती नक्की कुठल्या कंपनीची यावर जिन्यात वाद चालायचे. सिस्टरना विचारलं तर म्हणायच्या, "माझ्या कंपनीची."

रोज सकाळी सात वाजता त्या गाडीच्या तोंडात लोखंडी हँडल घालून दोन फेरे द्यायच्या. गाडी जागी झाली की पिशवीतून एक अ‍ॅल्युमिनियमचं नळकांडं काढायच्या. गरोदर बाईच्या पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायचं ते नळकांडं. त्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून मिनिटभर डोळे मिटून उभ्या राहायच्या, "नॉर्मल हाय" म्हणायच्या आणि निघायच्या. कुठे निघायच्या? कुठेही. भाजीला, वाचनालयात, सीवूड्सला मैत्रिणीकडे रमी खेळायला, आणि वर्षातून चारदा तरी पाण्याच्या ऑफिसात भांडायला. जायला जागा नसली तर खाडीपुलापर्यंत जाऊन परत यायच्या. त्यांचं म्हणणं होतं, "रोज फिरली तर गाडी. नाय तर कपाट."

माझी त्यांची ओळख मी चोरासारखी पकडले गेले तेव्हा झाली. माझे वडील बाजारात माथाडी. युनियनची पत्रकं आमच्या घरी गठ्ठ्याने यायची, मी अक्षरं त्यांच्यावरूनच जुळवायला शिकले. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं काढू लागले. त्यातलं एक खाजगी मोटारींच्या विरुद्ध होतं. रस्ता चालणाऱ्यांचा आणि बसने जाणाऱ्यांचा आहे, चौघांची जागा एकट्याने अडवणाऱ्या मोटारवाल्यांना लाज वाटली पाहिजे, असा त्याचा सूर. ते मी पहाटे आवारातल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर चिकटवत चालले होते. सिस्टरच्या गाडीपाशी आले आणि मागून आवाज आला, "खळ कशाची केलीस गो?"

मी म्हटलं, मैद्याची. त्यांनी काचेवरून बोट फिरवून बघितलं. "जास्त शिजलीय. पाऊण तासात सुटेल." मग त्यांनी बादली आणली, फडकं दिलं आणि माझ्याकडून सगळ्या काचा पुसून घेतल्या. मी पुसत असताना त्यांनी पत्रक मोठ्याने वाचलं आणि शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या. शेवटी म्हणाल्या की मुद्दा बरोबर आहे, गाडीत एकट्याने जाणं वाईटच. तेव्हा बस आत. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले आणि पुढची काही वर्षं बहुतेक सकाळी जात राहिले. त्या मला पत्रकवाली म्हणायच्या. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, शंकाच आहे.

त्या गाडीत बसणं म्हणजे एका शिस्तीत बसणं होतं. पुढची सीट अखंड, बाकासारखी. काचेला लागून एक छोटी तिकोनी काच, ती वळवली की वारा बरोबर छातीवर येतो. बटणं चारच, प्रत्येकाचा आकार वेगळा, म्हणजे नजर रस्त्यावरून न काढता हाताला कळावं. वळताना दिवा लुकलुकायचा नाही. दरवाजाच्या खांबातून एक केशरी दांडी हातासारखी बाहेर यायची. डावीकडची अडकायची. मग सिस्टर मला खांबावर आतून चापट मारायला सांगायच्या. "मार जोरात. थोबाडीत बसल्याशिवाय हात बाहेर काढत नाय तो. माझा भाऊ असाच होता." बॅटरीत पाणी घालायला त्यांच्याकडे काचेची मोठी सिरिंज होती, पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला तर त्याच सिरिंजने फुंकर मारायच्या. इंजिनातल्या एका फटीचं माप त्या दाढीच्या ब्लेडच्या पातीने घ्यायच्या. हे सगळं त्या मला दाखवायच्या, मग मला करायला लावायच्या, आणि चुकलं की ज्या शब्दांत झापायच्या ते शब्द त्यांनी नक्कीच शिकाऊ नर्सांवर घासून गुळगुळीत केले होते.

त्या काळात आमच्या सोसायटीत नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. सगळ्यात चकचकीत गाडी आमचे सेक्रेटरी शिंदे यांची. शिंदे साताऱ्याकडचे, बाजारात कांद्याचा गाळा. त्यांच्या सात पिढ्यांतली ती पहिली मोटार. ती आली तेव्हा त्यांच्या आईने गावाहून येऊन तिला औक्षण केलं होतं. मळेल म्हणून ते बाजारात स्कूटरने जायचे आणि गाडी रुपेरी कव्हरखाली उभी असायची. रविवारी कव्हर काढायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे.

सिस्टर नव्या गाड्यांचा तिरस्कार करत होत्या असं समजू नका. ती चूक माझी. शिंद्यांनी एकदा त्यांना फेरी मारून आणली तर त्या लहान मुलीसारख्या खूश होऊन उतरल्या. खिडक्या बटणाने वर जातात, आवाज येत नाही, गार वारा सुटतो, सगळ्याचं त्यांनी कौतुक केलं. सीटच्या पट्ट्याचं तर इतकं की पुढच्या आठवड्यात तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून दोन पट्टे आणून आपल्या गाडीला वेल्डिंग करून बसवून घेतले. मला म्हणाल्या, "चांगलं असेल ते उचलायचं. नवं म्हणून शिवी कशाला द्यायची?" पण मग त्यांनी शिंद्यांना बॉनेट उघडायला सांगितलं. शिंद्यांना ते कसं उघडतात तेच सापडेना. सापडलं तेव्हा आत सगळं झाकलेलं, नळ्या आणि तारांच्या गुंडाळ्या, हात घालायला फट नाही. सिस्टर बराच वेळ वाकून बघत होत्या. शेवटी सरळ होऊन म्हणाल्या, "शिंदेभाऊ, हिची नाडी कुठं बघायची?" शिंदे म्हणाले, ते कंपनीचे लोक कॉम्प्युटर लावून बघतात. "म्हणजे गाडी तुमची आणि पोट कंपनीचं."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. शिंद्यांनी मनात लिहून घेतलं असावं, कारण दिवाळीच्या आधी फळ्यावर नोटीस लागली: आवारातील जुनी व नादुरुस्त वाहने मालकांनी पंधरा दिवसांत हलवावीत, अन्यथा सोसायटी ती हलवील. आवारात जुनं वाहन एकच होतं. ती ऑइल गळते, आवाराची शोभा जाते, फ्लॅट बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकांवर वाईट परिणाम होतो, अशी कारणं जिन्यात ऐकू येत होती. बाहेर रस्त्यावर ती गाडी महिनाभर टिकली नसती. चाकांपासून आरशापर्यंत एकेक वस्तू निघून गेली असती. सिस्टरनी नोटीस वाचली आणि भाजीला निघून गेल्या. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी सीवूड्सची रमी चुकवली, आणि हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

अन्याय दिसला की माझा हात कागदाकडे जातो. रात्र जागून मी पत्रक लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सेक्टरात वाटलं. मथळा होता, "आपल्या आवारातला वारसा वाचवा". आत मी लिहिलं होतं की ही गाडी नुसतं वाहन नाही, हा एका युगाचा जिवंत पुरावा आहे. ही आता रस्त्याची राहिलेली नाही, इतिहासाची झाली आहे. इतकं सुंदर मी आधी कधी लिहिलं नव्हतं. सिस्टरना आवडेल म्हणून प्रत स्वतः घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. एकही शुद्धलेखनाची चूक काढली नाही, तेव्हाच मला भीती वाटली.

"जिवंतपणी हार घातलास तिला," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. कळायला दोन दिवस लागले. बेलापूरला नवं हॉटेल काढणारे एक गृहस्थ माझं पत्रक हातात घेऊन आले. गाडीभोवती तीनदा फिरले, दरवाजा उघडून लावून त्याचा आवाज ऐकला, डोळ्यांत पाणी आणलं. त्यांना ती विकत हवी होती. हॉटेलच्या दारात काचेची खोली बांधून तीत ठेवणार, वरून दिवे सोडणार, शेजारी फेटा बांधलेला ड्रायव्हरचा पुतळा. इंजिन काढून टाकावं लागेल, ऑइलने फरशीला डाग पडतात. सिस्टरनी त्यांना चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "मी हिच्यापेक्षा अठरा वर्षांनी जुनी हाय. मला कुठल्या काचेत ठेवता?" गृहस्थ हसले. कार्ड ठेवून गेले.

सोसायटीच्या सभेत तर मीच शिंद्यांची साक्षीदार झाले. त्यांनी माझं पत्रक खिशातून काढून वाचून दाखवलं: ही आता रस्त्याची राहिलेली नाही. "हे आमी नाय म्हणत, यांचेच लोक म्हणतात. मग इतिहासाची वस्तू पार्किंगमध्ये कशाला?" लोक हसले. बेलापूरची काच तयार आहे हेही शिंद्यांना कळलं होतं. मी बोलायला उठले तर सिस्टरनी माझा हात धरून खाली बसवलं आणि कानात म्हणाल्या, "आता एक ओळ जरी लिहिलीस ना, तर एनिमा देईन."

मग त्या उठल्या आणि शिंद्यांची नोटीस बरोबर आहे असं म्हणाल्या. बंद वाहनं आवारात नकोतच, त्यांच्याखाली उंदीर होतात. फक्त 'जुनी' हा शब्द गाळावा आणि 'नादुरुस्त' ठेवावा, आणि नादुरुस्त कोण हे एकदा सगळ्यांसमोर ठरवावं. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता ज्याची गाडी त्याने स्वतः चालू करायची आणि सेक्टरला एक फेरी मारून परत आणायची. मेकॅनिक नाही, ढकलायला माणसं नाहीत. फिरेल ती राहील. सगळे गावाहून परतलेले असतील, तेव्हा सोयीचं पडेल, असंही त्यांनी प्रेमळपणे सांगितलं. ठराव एकमताने मंजूर झाला. शिंद्यांनी तर टाळी वाजवली. चोपन्न सालची गाडी थंडीत एका फेऱ्यात सुरू होत नाही हे त्यांना माहीत होतं.

त्या रविवारी सगळी सोसायटी गॅलऱ्यांमध्ये चहाचे कप घेऊन उभी होती. आवारात सात गाड्या. चार मुकाट्याने सुरू झाल्या, फिरल्या, परत आल्या. पाचवी बँकेतल्या देशपांड्यांची. तिला त्यांनी हात लावला आणि चोर-घंटा वाजू लागली. ती बंद करायचं बटण कुठल्याशा ड्रॉवरमध्ये होतं. देशपांडे वहिनी वरून ओरडून ड्रॉवरांची नावं सांगत होत्या. तो गोंधळ निस्तरून तीही फिरली. मग सिस्टर.

पहिल्या फेऱ्याला काही नाही. दुसऱ्याला गाडी नुसती शिंकली. तिसऱ्याला तेही नाही. सिस्टरच्या कपाळावर घाम आला. वरच्या गॅलरीतून कुणीतरी बेलापूरला फोन लावा म्हणालं. हँडल काढून त्यांनी भिंतीला टेकवलं, बॉनेट उघडलं. शिंदे लगेच पुढे आले, दुरुस्ती चालणार नाही, मेकॅनिक नको असं ठरलंय. सिस्टरनी मान न वळवता विचारलं, "मेकॅनिक कुठाय? मी नर्स." वायरींच्या मुळाशी असलेली काळी टोपी त्यांनी काढली, आत दव धरलं होतं, ते पदराने पुसलं. ब्लेडची पात काढून फट बघितली. टोपी बसवली. मला वाटलं, आता नळकांडं काढतील, पण ऐकायला काही नव्हतंच. चौथ्या फेऱ्याला इंजिनाने एक मोठा उसासा टाकला आणि ते चालू झालं. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. त्यात शिंद्यांबरोबर गावाहून आलेली त्यांची आईही होती. सिस्टर फेरी मारून आल्या, तर येताना पिशवीत कोथिंबीर होती.

राहिले शिंदे. त्यांनी रुपेरी कव्हर काढलं, नमस्कार केला, चावी फिरवली. आतून टक् असा एक आवाज आला आणि पुढे काहीच नाही. पंधरा दिवस ते साताऱ्याला होते, त्याआधीही गाडी फक्त पुसलीच होती. बॅटरी उतरलेली. त्यांनी पाच-सहा वेळा चावी फिरवली. त्यांची आई गॅलरीतून बघत होती. त्यांच्याच नोटिशीप्रमाणे त्यांची पहिली मोटार आवाराबाहेर जायची होती, आणि आता कुणी हसत नव्हतं. मी मात्र आतून जिंकल्याचं पत्रक लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात सिस्टरनी घरातून गोधडी आणली.

ती त्यांनी शिंद्यांच्या मागच्या बंपरवर पसरली, आपली गाडी हळूच त्याला आणून टेकवली आणि खिडकीतून ओरडल्या, "शिंदेभाऊ, चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून बसा. मी हो म्हटलं की सोडा." देशपांड्यांनी शंका काढली की ढकलायचं नाही असं ठरलं होतं. सिस्टर म्हणाल्या, ठरावात माणसं लिहिलंय, वाचा. मग चोपन्न सालची गाडी त्या नव्या गाडीला ढकलत गेटपर्यंत घेऊन गेली. उतारावर सिस्टर "हो" म्हणाल्या, शिंद्यांनी क्लच सोडला, गाडीने दोन गचके दिले आणि ती सुरू झाली. शिंदे सेक्टरभर फिरून आले. उतरले ते सरळ सिस्टरकडे आले आणि त्यांनी हात जोडले. सिस्टरनी सांगितलं, "रोज न्या बाजारात. मळू द्या. धुता येते." दुसऱ्या दिवसापासून शिंदे गाडीने जाऊ लागले, तिच्या डिकीला कांद्याचा वास लागला, आणि नोटीस कुणीतरी फळ्यावरून काढली.

नंतर त्यांच्या घरी मी सिस्टरना विचारलं, दिवाळीनंतरचाच रविवार का निवडला? त्यांनी कोथिंबीर निवडता निवडता माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुढे विचारलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं त्या रोज गाडी चालवत होत्या. मग एका सकाळी बाजाराच्या वळणावर त्यांना डाव्या बाजूची हातगाडी दिसली नाही. संत्र्यांची होती. फार काही झालं नाही, चार संत्री सांडली, हातगाडीवाल्याला लागलं नाही. सिस्टर उतरल्या, संत्री उचलून दिली, आणि चावी माझ्या हातात ठेवली. "डावीकडचं दिसत नाय आता. दोन महिने झाले, मी ते स्वतःपासून लपवलं." मी डॉक्टर, ऑपरेशन, चष्मा असं काहीबाही बोलत राहिले. त्या म्हणाल्या, "ठराव माझाच होता ना? नादुरुस्त ते हलवायचं." त्या घरी बसने गेल्या. गाडी मी आणली, पहिल्या गिअरमध्ये, रडत.

बेलापूरचे गृहस्थ लगेच आले. या वेळी त्यांनी पुतळ्याला साडी नेसवायची तयारी दाखवली. सिस्टरनी पुन्हा चहा दिला. मग एके दिवशी मला म्हणाल्या की कामोठ्याची शकुंतला येणार आहे, तिला शिकवायचं. शकुंतला पोळीभाजीचे डबे करायची, दोन्ही हातांत दोन अवजड पिशव्या घेऊन बसने वाशीच्या ऑफिसांत पोचवायची. सिस्टर तिला बसमध्ये भेटल्या होत्या. गाडी तिला देताना अट एकच, रोज चालवायची. मी जरा दुखावून विचारलं, मला का नाही? त्यांनी उत्तर दिलं, "तू हिच्यावर लिहीत बसशील."

दोन महिने सिस्टर शकुंतलाच्या शेजारी बसून फिरल्या. हँडल कसं धरायचं, अंगठा कुठे ठेवायचा म्हणजे हात मोडत नाही, नळकांड्याने काय ऐकायचं. मागच्या सीटवर डबे, पुढे या दोघी. मग एका दुपारी आमच्या गेटपाशी सिस्टर उतरल्या, दरवाजा लावला आणि खिडकीतून म्हणाल्या, "उद्या मला घ्यायला येऊ नको. तुला येतंय आता." शकुंतला निघून गेली. सिस्टर तिथेच उभ्या होत्या. गाडी दिसेनाशी झाली तरी, वळणावर केशरी हात बाहेर आला का, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. मी आला म्हणून सांगितलं.

पुढे त्या महाडला भाचीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांच्यावर काही लिहू नये हे मी इतके दिवस पाळलं. आज मोडते आहे, कारण एक काम आहे आणि ते तुमच्याकडे आहे.

सकाळी साडेदहाच्या सुमाराला कामोठ्याहून वाशीकडे येताना तुम्हाला ती गाडी दिसेल. शकुंतला चालवत असेल, मागे डब्यांची चळत असेल. मागून हॉर्न मारू नका, पुढे जागा द्या. तिला थांबवून फोटो काढू नका, आणि सिग्नलला काच खाली करून "विकायची का?" असं तर अजिबात विचारू नका. दोघींना कामावर पोचायचं असतं.